हातचा

नारिन गावात डिसेंबरात पाचलाच दिवे लागतात.
शाळेच्या तिसरीच्या वर्गात
लहान मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून
अकरा बाया बसल्या आहेत.
बुरुल खिडकीपाशी, तिथला पाइप गरम असतो म्हणून.
वय एक्कावन्न. साबणाच्या पाण्याने
दोन्ही अंगठ्यांना पडलेल्या भेगा.

फळ्यापाशी तोल्कुन.
बालवाडीत बुरुलनेच हिचं नाक पुसलं होतं,
बुटाची नाडी बांधायला शिकवलं होतं
(आधी उजवा की डावा, यावर ही रडायची).
आता ती म्हणते, "बुरुल एजे, रकाने पाडा."

लोकर. साबण. अक्रोडाच्या सालीचा रंग.
बिश्केकच्या गाडीत पार्सलचं भाडं.
बुरुल भराभर लिहिते, भाव तोंडपाठ आहेत,
लोकरवाला दर खेपेला काटा किती मारतो तेही.
शेवटचा रकाना: तुमचे तास.
तिथे तिने शून्य काढलं,
गोल, नीटस,
मन लावून काढलेलं.

तोल्कुन चूक म्हणाली नाही.
बाकाशी उकिडवी बसली.
"एजे, उद्या तुमचा हात मोडला
आणि शेजारची येऊन सपाता करू लागली,
तर तिला काय द्याल?"
"देईन की! तिला फुकट कशाला राबवू?"
बुरुल जरा रागानेच म्हणाली,
आणि गप्प झाली.

पिंजायला दीड तास. थर लावायला एक.
कढत पाणी शिंपडून, चटईत गुंडाळून
कोपरांखाली लाटत राहायचं, लोकर एकजीव होईतो, चार.
साच्यावर चढवणं, वाळवणं, टाच शिवणं.
बेरीज तिला येत होती.
हातचा धरायचा राहत होता, इतकंच.
तीस वर्षं.

सहाशेची जोडी चौदाशेवर गेली.
आकडा कागदावर बरा दिसत होता.
तोंडातून निघेना.
तोल्कुन म्हणाली होती, "भाव सांगा आणि तोंड मिटा.
पुढचं वाक्य गिऱ्हाईकाचं."
बुरुलने गोठ्यात गाईसमोर म्हणून पाहिलं,
चौदाशे, चौदाशे.
गाईने घासाघीस केली नाही.

रविवारी बाजारात पहिला आला केनेश,
गुरांचा म्हातारा डॉक्टर. दर हिवाळ्यात एक जोडी नेतो.
"किती?"
"चौदाशे."
मग जे झालं ते फार लांबलं.
समोर कोणी खरबुजाच्या फोडी विकत होतं,
कोणाची तरी किल्ली बर्फात पडली होती.
तिच्या जिभेवर सगळं तयार होतं,
तुमच्यासाठी हजार, जाऊ द्या, आठशे द्या,
तिने दातांखाली दाबून धरलं.
केनेशने सपाता उलटून तळवा पाहिला,
जागच्या जागी ठेवल्या,
टोपी नीट केली आणि गेला.
तिने हाक मारली नाही.

दिवसभरात एकच जोडी खपली,
एका ट्रकवाल्याला. त्याने चौदाशे मोजले,
एक शब्द न बोलता.
आणि याचंच तिला रात्री वाईट वाटत राहिलं.
म्हणजे मागेही, कोणीतरी, असेच मोजले असते.

वही उघडीच होती.
आईचा शिर्दाक आठवला,
लाल-काळ्या बुरणसाचे तुकडे शिवून केलेला गालिचा,
शिंगांची नक्षी, कडेला दुहेरी टीप.
चौऱ्याण्णव साली तो मैद्याच्या दोन पोत्यांना गेला.
दोन हिवाळे लागले होते.
रात्रीचे चार तास धरले, सणाचे दिवस वगळले,
डोळे आले होते ते तीन आठवडे वगळले.
नऊशेच्या पुढे पेन्सिल थांबली.
खाली दोन पोती लिहिली,
मध्ये रेघ मारली.
भागाकार तिने सोडवला नाही.

सोमवारी केनेशच्या नातवाजवळ निरोप गेला:
गेल्या वर्षीची जोडी पाठवा.
टाचेला नवा थर चढवून देते,
अजून दोन हिवाळे काढतील.
दोनशे पडतील.
तास धरून.